पायथ्याची फळी

१

"नक्षीबिक्षी काही नको हं," ॲव्हरिलने हॉस्पिटलच्या खाटेवरूनच बजावलं होतं. "उशाशी एक फळी, पायथ्याशी एक. धरून उठता आलं म्हणजे झालं. एकदा रंधा हातात घेतलास की तू थांबत नाहीस, म्हणून आधीच सांगते."

लिंडसे पर्डनने मान डोलावली. टास्मानियातल्या ह्यूऑन नदीकाठच्या त्यांच्या घरात निजायची खोली वरच्या मजल्यावर होती आणि खुब्याचं हाड मोडलेल्या ॲव्हरिलला जिना चढायची सक्त मनाई होती. तेव्हा पलंग खाली उन्हाच्या खोलीत मांडायचा, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. त्या खोलीला तीन बाजूंनी काचा. जूनच्या थंडीतही दुपारभर ऊन, आणि पडल्यापडल्या सफरचंदाच्या बागेची उतरण दिसायची. लोखंडी सांगाडा शेडमध्ये पडूनच होता. त्याला फक्त उसं-पायथा नव्हता.

लेकीचा, टॅमसिनचा, विचार वेगळा होता. ती होबार्टला राहायची, आणि हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिने बापाला बाजूला घेतलं होतं.

"बाबा, मी एक शुश्रूषागृह पाहून ठेवलंय. चांगलं आहे, बागसुद्धा आहे. आईला उचलणं-बसवणं तुला एकट्याला नाही झेपायचं."

"झेपेल."

"थोडे दिवस बघू. नाही जमलं तर मग मी तुमचं दोघांचंही ऐकणार नाही."

दार उघडंच होतं. आत ॲव्हरिल छताकडे बघत पडली होती. तिने ऐकलं की नाही, ते लिंडसेने विचारलं नाही.

लाकूड नेव्ह बरिजच्या गिरणीतून आणलं. नेव्ह रस्त्याच्या वरच्या अंगाला राहायचा, ओंडके चिरायचा, आणि गावातल्या निम्म्या घरांत त्याच्याच फळ्या होत्या. टास्मानियन ओकच्या कोऱ्या, फिक्या, किंचित गुलाबी झाक असलेल्या फळ्या त्याने स्वतः निवडून पिकअपमध्ये घातल्या. लिंडसेने दोन्ही बाजूंना उभे खांब घेतले, त्यांत खाचा पाडल्या, आडव्या फळ्या बसवल्या, कडा गोल केल्या. हात फिरवला तर कुठे कुसळ लागू नये इतका पॉलिशपेपर मारला. सरस वाळायला म्हणून दोन्ही चौकटी शेडच्या भिंतीला टेकवल्या आणि तो चहा प्यायला गेला. बऱ्याच दिवसांनी त्याला भूक लागली होती.

२

सकाळी शेडचं दार उघडलं तर उशाच्या मधल्या फळीवर एक काळसर डाग होता. बशीएवढा, कडेला पुसट होत गेलेला.

सरस सांडला असेल, असं त्याला वाटलं. बोट लावलं तर फळी कोरडी होती, पण बोटाला काहीतरी तेलकट लागलं. तेल तर त्याने अजून काढलंसुद्धा नव्हतं. त्याने वाकून वास घेतला. सरसाचा नव्हता. बरेच दिवस न बदललेल्या उशीच्या अभ्र्याला येतो तसा होता. झोपलेल्या माणसाच्या टाळूचा, जरासा आंबूस, ऊबदार.

लिंडसेने नकळत स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. तिथे टक्कल पडून वर्षं झाली होती.

त्याने डाग घासून काढला. खालून कोरं लाकूड निघालं, काल होतं तसंच. उगाच मनाला लावून घ्यायला नको, असं म्हणून तो पायथ्याच्या चौकटीकडे वळला आणि तिथेच थांबला. तिच्या आतल्या अंगाला शेजारीशेजारी दोन ठिकाणी लाकूड चमकत होतं. डाग नव्हते ते. जुन्या पायरीचा मधला भाग पावलांनी गुळगुळीत होतो, तशी झिलई होती. काल रात्री हीच फळी त्याने एकसारखी घासली होती. हातांना ती फळी पाठ होती.

जेवून परत आला तर उशाचा डाग जागेवर आला होता.

३

"झोपला होतास काय याच्यावर?" नेव्ह म्हणाला. "बायको नाही घरात, तर शेडमध्ये लवंडलास?"

"तुझ्या लाकडात काहीतरी आहे."

"माझ्या लाकडाला नावं ठेवू नकोस हं. याच ओंडक्याच्या फळ्यांनी मी कोंबड्यांचं खुराडं बांधलंय. अंड्यांवर अंडी घालतायत." नेव्हने अंगठा डागावर चोळला. "रस असेल. थंडीत येतो वर कधीकधी."

"पायथ्याला?"

नेव्हने त्या दोन चमकत्या जागांकडे बघितलं. मग कशाला कोण जाणे, त्याने अंगठा नाकाशी नेला. "हं," एवढंच म्हणाला. विजारीला अंगठा पुसत राहिला, पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"जवसाच्या तेलाचा हात मार," शेवटी तो म्हणाला. "सगळंच एका रंगाचं होईल. मग कुठला डाग नि कसलं काय. आणि लिंडसे, जरा माणसांत ये. एकट्याचं डोकं फिरतं या दिवसांत."

लिंडसेने तेल लावलं. खरंच सगळं एका रंगाचं झालं. मधाळ, दिसायला देखणं. आता डाग दिसत नव्हता, आणि तो तिथे आहे की नाही हे कळायला काही मार्ग उरला नव्हता.

४

पलंग उन्हाच्या खोलीत उभा राहिला. गादी घातली. लिंडसे खोलीच्या मधोमध उभा राहून बघत राहिला आणि त्याच्या मनात एक हिशेब सुरू झाला, जो त्याला करायचा नव्हता.

डाग होता तो गादीच्या जरा वर. निजलेल्या माणसाची टाळू टेकते तिथे. पायथ्याच्या दोन जागाही गादीच्या जरा वर. तळवे टेकतात तिथे. म्हणजे टाळू इकडे आणि तळवे तिकडे, दोन्ही एकाच वेळी टेकवून कुणीतरी निजलं पाहिजे.

लिंडसे चांगला उंच माणूस होता. बूट काढून तो स्वतः आडवा झाला. सरकत सरकत टाळू उशाच्या फळीला टेकवली. पाय ताणले. पायथा अजून हातभर लांब होता.

ऊन तोंडावर येत होतं. वेड्यासारखं काय करतोय आपण, असं त्याला वाटलं, आणि हसूही आलं. तेवढ्यात डोक्यामागची फळी करकरली. मग, जरा वेळाने, पायथ्याकडची. तो हलला नव्हता. श्वाससुद्धा धरून ठेवला होता त्याने.

लाकूड वाजतं. उन्हाने तापलं की वाजतं, थंडीने आवळलं की वाजतं. आयुष्यभर त्याने वाजणारं लाकूड ऐकलं होतं. उठला, बूट घातले, स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलायला बसला. तिथपर्यंत आवाज येत राहिला. आधी उशाकडून, मग पायथ्याकडून. झोपेत माणूस अंग ताणतो, डोकं मागे रेटतो, पाय पुढे रेटतो, तसा.

लिंडसे मोठ्याने खाकरला.

आवाज थांबला. खरं तर तो थांबायला नको होता. लाकडाला खाकरलेलं कळत नाही.

त्याने सुरी खाली ठेवली. पलंग मोडून टाकावा? मग टॅमसिनला काय सांगायचं? लाकूड वाजतंय म्हणून आईला शुश्रूषागृहात धाड? ती बाग, ते व्हरांडे, दुपारी चारला येणारं मऊ जेवण. ॲव्हरिल छताकडे बघत पडली होती ते त्याला आठवलं. त्याने उरलेले बटाटे सोलले.

५

ॲव्हरिल आली आणि घराला घरपण आलं. पहिल्याच दिवशी तिने चहा पातळ झाल्याची तक्रार केली, पडदे चुकीचे लावल्याचं दाखवून दिलं, आणि उशाच्या फळीवरून हात फिरवून म्हणाली, "चांगलं झालंय रे. मी म्हटलं होतं त्यापेक्षा चांगलं."

झोपही तिला गाढ लागू लागली. हॉस्पिटलात ती गोळ्या घेऊनसुद्धा कण्हत असायची. इथे गोळीची आठवण लिंडसेला करून द्यावी लागायची.

"गादीत ऊब आहे," ती म्हणाली. "आणि पायांना टेकायला मिळतं ना, त्याने कंबरेला आराम पडतो."

लिंडसे हसला. "कुठे टेकायला मिळतं? अगं, तुझे पाय अर्ध्या पलंगात संपतात."

ॲव्हरिलने त्याच्याकडे बघितलं. ती ठेंगणी होती, आणि त्यावरून तिला चिडवायचा हक्क लिंडसेने लग्नाआधीच मिळवला होता. नेहमी ती फटकन उलट बोलायची. या वेळी तिने नजर खिडकीकडे वळवली.

"पांघरुणाला टेकतात," ती म्हणाली. "तेच म्हणत होते मी."

रविवारी टॅमसिन आली. घरभर फिरून तिने न्हाणीघरातला कठडा हलवून बघितला, फ्रिज उघडून बघितला. लिंडसे चहाचा ट्रे घेऊन उन्हाच्या खोलीच्या दारात आला तेव्हा ती फोनमध्ये बघत बघत पलंगाच्या पायथ्याशी बसत होती.

"आई, पाय घे ना जरा तिकडे. तुझ्यावर बसले मी."

"तू खुर्चीत बस," ॲव्हरिल म्हणाली. "खुर्ची आहे ना चांगली."

टॅमसिन उठून खुर्चीत बसली, फोनमधली नजर न काढता. लिंडसे मात्र दारातच थिजला. ॲव्हरिल उशाला टेकून बसली होती आणि दुखरा पाय सोडून दुसरा गुडघा तिने वर घेतला होता. दुखऱ्या पायाखाली उशी होती, ती पलंगाच्या मध्यावर. तिचे दोन्ही पाय कुठे आहेत हे त्याला स्पष्ट दिसत होतं. टॅमसिन बसली होती तिथे ते नव्हते.



"बाबा, दारात काय उभा राहिलास?" टॅमसिन म्हणाली. "बस जरा. बरं चाललंय तुमचं, मी उगाच घाबरत होते."

ॲव्हरिल लेकीकडे बघून छान हसली. लिंडसेकडे तिने बघितलं नाही.

६

टॅमसिनची गाडी उतारावरून दिसेनाशी झाल्यावर तो पाना घेऊन आला.

ऊन कलतं होतं, पण खोली उजेडाने भरलेली होती. पांघरूण लोकरीचं, जाड. त्याखाली ॲव्हरिलच्या पायांचे दोन उंचवटे त्याला दिसले. मग सपाट गादी. आणि मग, पायथ्याच्या फळीला लागून, पांघरुणाला पुन्हा उठाव होता. घडी असेल. घडी अशीही पडते.

"काय करतोयस?"

"फळी काढतोय. बोल्ट ढिला झालाय."

"नको." ती फारच पटकन बोलली. मग आवाज सावरून म्हणाली, "राहू दे लिंडसे. आज नको."

"का नको?"

पांघरुणाची किनार तिने मुठीत धरली होती.

त्याने एक बाजू सोडवली, मग दुसरी. बोल्ट खाली पडले तरी चौकट खाली आली नाही. ती त्याच्या हातांवर रेलली. वजन तिचं नव्हतं. ती त्याने बनवली होती, तिचं वजन त्याला ठाऊक होतं. आतून काहीतरी तिला रेटत होतं. जोरात नाही. रागाने नाही. आळस देताना माणूस रेटतो तसं.

तो मागे सरला. चौकट जमिनीवर पडली आणि पांघरुणाचं टोक तिच्यामागोमाग खाली घसरलं.

पलंगाने एकदाच मोठा आवाज केला.

"मला उचल," ॲव्हरिल म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"अगं, दुखेल. थांब, वॉकर—"

"दुखू दे. आत्ता उचल. माझ्याकडे बघ, दुसरीकडे कुठे बघू नकोस."

त्याने तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि बागेकडच्या काचेच्या दाराने बाहेर काढलं. ती विव्हळली, पण थांब म्हणाली नाही.

७

पिकअपमध्ये बसवल्यावर तिने डोळे मिटले. तिचं कपाळ घामेजलं होतं.

"कधीपासून?" लिंडसेने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? टॅमसिनच्या कानावर गेलं असतं. आईच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणाली असती. मग त्या शुश्रूषागृहात काय, मरेपर्यंत." तिने डोळे उघडले. "तुला माहीत होतं का रे?"

लिंडसेने स्टीअरिंगवर हात ठेवले. "लाकूड आहे, वाजणारच, असं वाटलं मला," तो म्हणाला. मग म्हणाला, "माहीत होतं."

"हं. म्हणजे दोघंही एकमेकांना सांभाळत बसलो." ती थोडी हसली आणि कळ आली म्हणून थांबली. "काही करत नव्हतं ते. नुसतं निजलेलं असायचं. ऊब यायची. दुखायचं थांबायचं. मी म्हटलं, असू दे बापडं. त्याची पाठ होती ना माझ्याकडे, रोज."

"मग आज?"

"तू फळी काढलीस," ॲव्हरिल म्हणाली, "आणि ते कुशीवर वळलं."

लिंडसेने किल्लीला हात घातला. टॅमसिनकडे होबार्टला जायचा रस्ता वळणावळणांचा, आणि तिचे ओठ पांढरे पडत चालले होते. गोळ्या खिडकीच्या कट्ट्यावर राहिल्या होत्या. तिने नको नको म्हटलं, तरी तो उतरला.

काचेचं दार उघडंच होतं. खोलीत ऊन, धुळीचे कण तरंगतायत, कपात टॅमसिनचा उरलेला चहा. पलंग रिकामा होता. उशीला ॲव्हरिलच्या डोक्याचा खळगा होता आणि तो हळूहळू भरून येत होता, उशी येते तसा. लिंडसेला जरा धीर आला. त्याने कट्ट्यावरून डबी घेतली आणि वॉकरकडे हात केला.

जमिनीवर पडलेलं पांघरूण सरकलं.

वारा नव्हता. पांघरुणाचं एक टोक अजून गादीवर होतं, दुसरं जमिनीवर, आणि जमिनीवरचं टोक घराच्या आतल्या दाराच्या दिशेने पुढे पुढे जात होतं. सावकाश. अडवायला आता पायथ्याशी काही नव्हतं. पलंगाच्या कडेवर गादी वजनाने दबलेली होती, आणि पांघरुणाखालचा लांबट उठाव पलंग संपला तरी संपत नव्हता. कुणीतरी फार दिवसांनी पाय पूर्ण लांब करत होतं.

वॉकर तिथेच राहिला. लिंडसेने काचेचं दार लावून घेतलं.

ॲव्हरिलने त्याच्या हातातली डबी बघितली, रिकामा दुसरा हात बघितला, आणि पट्टा लावून घेतला.

८

टॅमसिनला त्यांनी सांगितलं की जमलं नाही. ‘मी म्हटलंच होतं’ असं ती म्हणाली नाही, हे तिचं चांगुलपण. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आईची सोय केली आणि शुश्रूषागृहाला फोन लावायला ती बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेव्हचा फोन आला. नेव्ह फोनवरही शेताच्या पलीकडून हाक मारावी तसा बोलायचा.

"अरे, आहेस कुठे? धुराडं थंड, गाडी नाही, म्हणून बघायला आलो तर मागचं दार उघडं! चोरांना आमंत्रण देऊन गेलास की काय?"

"नेव्ह, घरात कुठे आहेस तू?"

"स्वयंपाकघरात. ते तुमच्या उन्हाच्या खोलीचं दार उघडत नाहीये. आतून काही टेकवून ठेवलंयस का?"

लिंडसे उठून उभा राहिला. "ढकलू नकोस. ऐक माझं. बाहेर पड आणि घरी जा."

"ढकललं मी जरा. जरासं हललं आणि परत आलं, मऊसर. गादीबिदी आडवी पडली असेल. थांब, बागेकडून बघतो. काचाच काचा आहेत तिकडे."

"नेव्ह, नको. नेव्ह!"

नेव्ह चालू लागला होता. खडीवर बुटांचा आवाज येत होता आणि तो स्वतःशीच काहीतरी शीळ घालत होता. घराला वळसा पडला. खडी संपली, गवत आलं. शीळ थांबली.

आता नुसता नेव्हचा श्वास ऐकू येत होता.

"काय दिसतंय?" लिंडसेने विचारलं. सोफ्यावरून ॲव्हरिल त्याच्याकडे बघत होती. "नेव्ह, काय दिसतंय तुला?"

"हळू बोल," नेव्ह कुजबुजला. इतक्या वर्षांत लिंडसेने त्याला कुजबुजताना ऐकलं नव्हतं. "हळू बोल लेका. आत्ता कुठे डोळा लागलाय."

"कुणाचा?"

काचेचं दार अगदी अलगद सरकल्याचा आवाज आला. मग नेव्हने बूट काढून ठेवले. एक, आणि जरा वेळाने दुसरा.